डाव्या अंगाची कोरडी गाठ

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कडा गावाजवळच्या आमच्या गावात महिला दूध संस्थेची सचिव आहे. दूध चांगलं की पाणी घातलेलं, हे मी मशीन सांगेल तेव्हाच मानते, मग समोर सख्खी नणंद का असेना! तरीपण हे लिहितेय... कारण तीन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

त्या साली दुष्काळ भारी होता. टँकरचं खारं पाणी पिऊन मला मुतखडा झाला, उजव्या बाजूला. नगरला स्कॅन केलं. खडा किरकोळ निघाला, पण डॉक्टर म्हणाले, "डाव्या मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी असते, तिच्यावर छोटी गाठ दिसतेय. बहुतेक काही नसतं. रक्त-लघवी तपासून घ्या."

बहुतेक! त्या एका शब्दानं माझं वाटोळं केलं. तपासणी केलीच नाही... निघालं काही तर? रिपोर्ट दूध तपासायच्या मशीनच्या खोक्यात दडवला. नवऱ्याला फक्त खडा सांगितला. तीन महिने झोप नाही, उठता-बसता नाडी मोजायची, पोरीच्या लग्नाचे दागिने आत्ताच काढून ठेवू का, असले विचार. एकदा तर कौसाबाईचं चांगलं दूध "पाणी घातलंय" म्हणून परत पाठवलं. मशीन बरोबर होतं हो, आकडा मीच चुकीचा वाचला. बिचारी रडत गेली आणि मला त्याचंही काही वाटलं नाही.

जनावरांना पाणी नाही म्हणून संस्थेनं दूध संकलन केंद्रामागं बोअर घ्यायचं ठरवलं. जागा दाखवायला केजकडून पाणाड्या आणला, हुसेनचाचा. तळहातावर आडवा नारळ घेऊन फिरायचं, खाली पाणी असलं की तो उभा राहतो म्हणे. मी दारातनं बघत हसत होते. लिंबाजवळ नारळ उभा राहिला, बायांनी टाळ्या वाजवल्या!

चाचा पाणी प्यायला दाराशी आले. नारळ हातावरच होता. माझ्यासमोर तो हळूच उभा राहिला... आणि परत आडवा झाला. चाचा माझ्याकडं बघतच राहिले. मग बारीक आवाजात म्हणाले, "बेटी, डाव्या अंगाला गाठ हाय न्हवं? कावून भेती एवढी? कोरडी हाय ती, काय बी न्हाई त्यात. डाक्टरला दाव अन् झोप."

गावात कुण्णाला माहीत नव्हतं! तिथंच भोकाड पसरलं. नवरा पळत आला, सगळं ऐकून म्हणाला, "आगं येडे, तीन महिने एकटीच गिळून बसलीस व्हय? मी काय मेलतो का?"

दुसऱ्या दिवशी नगरला नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "ही गाठ काहीच करत नाही. नुसती बसून आहे. वर्षानं एकदा बघू." अहो, दवाखान्याच्या पायरीवर बसून मी हसू का रडू, अशी गत! स्टँडवर दोघांनी पोटभर भजी खाल्ली. गावात उतरल्यावर आधी कौसाबाईच्या घरी गेले, तिचे हात धरून माफी मागितली. ती म्हणाली, "बाई, तू बरी हायस ना, मंग झालं."

नवरा म्हणतो, तुझा हात सारखा कमरेवर असायचा, त्यावरनं म्हाताऱ्यानं ओळखलं असंल. असेलही. पण माझा हात उजवीकडं असायचा, खड्याच्या जागी. डावी बाजू त्यांना कुणी सांगितली?

आणि खरी गंमत पुढंच. लिंबाजवळ पाचशे फूट बोअर मारलं, नुसता फुफाटा! थेंब नाही. गाव अजून चाचांना शिव्या घालतं. जमिनीचं साफ चुकलं, मग माझंच कसं बरोबर आलं? मला काही उलगडत नाही. गाठ आहे तेवढीच आहे. कुणी चाचांना नावं ठेवली की मी तिथनं उठून जाते, आणि आता झोप मात्र लागते.