बाळंतिणीच्या खोलीतला रांजण

आम्ही बोरीच्या बाया जमलो की एकीने किस्सा सुरू करायचा आणि दुसरीने तो हिसकावून घ्यायचा, असंच चालतं. त्यातले निम्मे तरी गंगामायच्या रांजणाचे.

गंगामाय आमची सुईण. निजामाच्या राज्यात, जर्मनीशी चाललेल्या लढाईच्या वर्षांत, तिने नेम लावला. दळायला बसणाऱ्या प्रत्येक बाईने मूठभर जवारी तिच्या रांजणात टाकायची. गरिबाघरची बाई बाळंत झाली की सव्वा महिना त्यातून खायची. ओल्या अंगाने खुरपायला जायची वेळ तिच्यावर येत नसे.

*

खुरपायला बाया कमी पडल्या तसे शेताचे मालक आले. "गंगामाय, बायांना आळशी करायलीस तू."

"मालक, तुमची गाय व्यायली की किती दिस जपता?"

"महिनाभर."

"मग बाईचंच का जड जायलंय?"

संध्याकाळी मालकिणीने टोपलंभर जवारी पाठवली. मालकांना न विचारता.

*

परभणीच्या दवाखान्यातल्या नर्सने सांगितल्यापासून गंगामाय नाळ कापायचा विळा उकळून घ्यायची. एक सासू अडून बसली. "आमच्या वक्ताला कुणी उकळला व्हता? आमी मेलो का?"

"तुमी जगलाव. मेलेल्या सांगायला येत न्हाईत."

सासू उठून चूल फुंकायला बसली.

*

मग लेव्ही आली, सरकारची सक्तीची धान्यवसुली. वसुलीचा अंमलदार, गिरदावर, घराघरातून धान्य उचलायचा, मागे पोती घेऊन त्याचा शिपाई शेखभाई. रांजण गेला असता तर ओल्या बाळंतीण काशीला चार दिवसांचं लेकरू घेऊन शेतात जावं लागलं असतं. गंगामायने रांजण काशीच्या बाजेमागे सरकवला. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष पाऊल टाकत नाही. गिरदावर उंबऱ्यावरूनच परतला.

*

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा नेमकी कुणीच बाळंत झालेली नव्हती. मी नवी सून, लग्नाला दोन महिने. गंगामायने रांजण आमच्या घरात आणला, बाळंतिणीसारखं माझ्या कानाला फडकं बांधलं, बाजेवर झोपवलं आणि शेजारचं दात आलेलं लेकरू कुशीत दिलं. ते मला कडकडून चावलं. मी किंचाळले.

"अजून व्हायचंय वाटतं," म्हणत गिरदावर घाईने निघून गेला.

*

तिसऱ्यांदा तो चिडूनच आला. शेखभाई मात्र त्याच्या आधीच येऊन आमच्या दारात उभा होता, रिकामी पोती काखेत घडी करून. आत बाजेवर त्या दिवशी कुणीच नव्हतं, बाजेमागे नुसता रांजण.

"दर खेपेला बाळंतीण? आज मी आत जाणार. बाजूला हो," गिरदावर गरजला.

शेखभाईने पोती उंबऱ्यावर अंथरली आणि त्यांच्यावर मांडी घालून बसला.

"अंदर जच्चा है, साब."

"कुणाची बाळंतीण?"

"मेरीच है."