मेहरचे नऊ ठसे

उज्जैनच्या भैरवगढमधल्या छपाईवाल्यांत सईदाच्या हाताचं नाव होतं. दोन ठशांच्या मध्ये सांधा कुठे पडला, ते तिच्या चादरीवर शोधूनही सापडायचं नाही. फ्रीगंजच्या मराठी घरांत चादरी विकता विकता ती मराठी बोलायलाही शिकली, उज्जैनी मराठी का होईना.

निकाहाच्या वेळी तिला मेहर म्हणून, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचं धन म्हणून, सासऱ्यांचे नऊ सागवानी ठसे मिळाले होते. त्यातला कमळाचा ठसा पहिल्याच वर्षी तिच्या हातून पडला आणि एक पाकळी उडाली. तेव्हापासून प्रत्येक कमळाची ती पाकळी सईदा कुंचल्याने भरायची. एकाही गिऱ्हाइकाला कधी पत्ता लागला नाही.

नवरा नफीस देवासला दुसरं घर थाटून बसला. चार वर्षं वाट पाहून सईदा दारुल कझात, म्हणजे मोहल्ल्यातल्या काझींच्या न्यायालयात गेली. काझीसाहेबांनी तीनदा दोघांना समोरासमोर बसवलं, समजावून पाहिलं. शेवटी खुला ठरला: मेहर परत करून तिने मोकळं व्हायचं. नफीस म्हणाला, "ठप्पे इकराम को दे दे. उसको मिले तो समझो मुझे मिले." तसं कागदावर लिहिलं गेलं. इकराम हा सईदाचा थोरला भाऊ, त्याचाही छपाईचाच कारखाना. वडील गेल्यावर त्यानेच तिला वाढवलेलं, साक्षीदार म्हणून सहीही त्याचीच. सईदाने नऊ ठसे ओढणीत बांधले आणि स्वतः नेऊन त्याच्या हातात दिले. सख्ख्या भावाकडून कसली पावती घ्यायची!

समग्र आयडीत, म्हणजे सरकारच्या कुटुंब-नोंदीत, स्वतःच्या नावाने वेगळं कुटुंब करायला ती गेली, तर बाबू म्हणाला, काझीचा कागद चालत नाही, कोर्टाचा आणा. ती गेली रजनी केतकर वकिलांकडे. बाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक.

"काझीसाहेबांचा कागद खोटा नाही गं," रजनीताई म्हणाल्या, "पण त्याच्यामागे सरकारचा शिपाई नाही. दोघांनी मानला तर पक्का. एक जण जरी फिरला, तर कोर्ट म्हणणार, साबित करा."

"भाईजान गवाह आहेत ना, ताई. मग कशाचं टेन्शन?"

खुला मान्य करून घ्यायला रजनीताईंनी दावा लावला, तर कोर्टात नफीस सरळ फिरला. मेहर मिळालीच नाही, म्हणून खुला झालाच नाही, म्हणाला. बायको म्हणून तिला नांदवायचं नव्हतंच त्याला. नुसतं अडकवून ठेवायचं होतं. काझीसाहेब आले, प्रामाणिकपणे बोलले: अट माझ्यासमोर ठरली, पण ठसे देताना मी पाहिलं नाही.

मग इकराम उभा राहिला. बहिणीकडे न बघता म्हणाला, "मुझे कोई ठप्पे नहीं मिले."

सईदाच्या पायाखालची जमीनच सरकली. तरी घरी जाताना वेडी त्याचीच बाजू घेत होती. नफीसने धमकावलं असेल, भाईजान घाबरले असतील. आपल्या माणसाला चोर म्हणायला जीभ रेटत नाही, त्याला काय करणार?

ईदला भावजयीने नवी चादर पाठवली. सईदाने घडी उलगडली. काठावर कमळांची रांग होती आणि प्रत्येक कमळाची एक पाकळी गायब. इकरामच्या नव्या कारागिराला ती भरायची असते हे कोण सांगणार! नफीसने ठसे नेलेच नव्हते. खोट्या साक्षीची किंमत म्हणून ते इकरामकडेच राहिले होते. तिच्याच मेहरवर तिचा भाऊ विकला गेला होता. तिला रडू आलं नाही, अंगाची आग झाली. ज्या हातांनी तिला पहिला ठसा धरायला शिकवलं, त्याच हातांनी तिला विकलं होतं.

पुढच्या तारखेला ती चादर बगलेत घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती. सोबत तिने पाकळी भरलेली स्वतःची एक जुनी चादरही आणली होती. इकरामला दोन्ही चादरी दिसल्या आणि त्याचा चेहरा उतरला. तो जवळ येऊन उकिडवा बसला.

"सईदा, घर की बात है. चादर मुझे दे दे. नौ के नौ ठप्पे आज ही वापस ले जा."

नऊ ठसे. तिचा अख्खा धंदा. क्षणभर तिची बोटं घडीवर थांबली.

"वो मेरे नहीं हैं, भाईजान," ती म्हणाली. "मैंने मेहर लौटा दिया था. आप ही तो गवाह थे."

आतून पुकारा झाला. सईदाने दोन्ही चादरी रजनीताईंच्या हातात दिल्या आणि ती त्यांच्यामागून आत गेली.