मोहरीचा कच्चा टाका

जीन्स परत रुंद झाली आहे. दुकानांबाहेर टांगलेल्या त्या ढगळ पँटी वाऱ्यावर हलतात तेव्हा पोरी थांबून बघतात आणि मी रस्ता बदलते. घरच्यांना हे विक्षिप्तपणाचं वाटतं. वाटू दे. पँटची रुंद मोहरी, तो पावलाजवळचा घेर, पुन्हा दिसू नये, एवढीच माझी कपड्यांच्या बाबतीत इच्छा होती, आणि तेवढीही कुणी विचारली नाही.

बऱ्हाणपूर कापडाचं गाव. सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरात मागांची खडखड दिवसभर ऐकू यायची. ती थांबली तरच आम्ही दचकायचो. बाबा शेजारच्याच कारखान्यात देखरेखीला होते. कारखाना जुना. एका मोटरवर जमिनीलगत लांबलचक शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून चामडी पट्टे प्रत्येक मागाला जायचे. कामाला येणाऱ्या प्रत्येकाची मोहरी बाबा दारातच वितीने मोजत. वितीत मावली तर आत. नाही मावली तर दुमडून सुतळीने बांध, नाहीतर घरी जा. बेलबॉटमच्या काळात त्यांच्या डोळ्यांसमोर एका कारागिराला पट्ट्याने ओढलं होतं. त्याबद्दल ते बोलत नसत. कुणी फारच विचारलं तर आपली वीत पसरून दाखवत आणि उठून जात.

मग ती वर्षं आली, जेव्हा बाहेरचा माल एकदमच गावात शिरला. छतांवरून केबलच्या वायरी गेल्या, रेडिमेडची दुकानं निघाली, आणि कापड घेऊन शिंप्याकडे जाणारी पोरं त्याच्या दारावरून शिट्ट्या मारत पुढे जाऊ लागली. माझा धाकटा भाऊ तेव्हा नुकताच बाबांच्या हाताखाली लागला होता. पहिल्याच पगारात त्याने बॅगी जीन्स आणली. वर हवा भरल्यासारखी, कंबरेला चुण्या, घोट्याला मात्र घट्ट. बाबा हसले. म्हणाले, "वर किती बी फुगू दे, खाली वितीत पाहिजे."

दोन वर्षांत बॅगी गेली आणि पॅरलल आली. मांडीपासून बुटापर्यंत एकसारखी रुंद, चालताना जमीन झाडत जाणारी. भावाने तीही आणली. ती खुंटीवर टांगलेली पाहिली तेव्हा मी मोहरीला माझी वीत लावून बघितली. मावली नाही.

"ताई, बाबा मले आत सोडणार नाय."

"मग दुसरी घाल."

"शिफ्ट सुटली का सगळे तिकडूनच बाजारात जाऊन राहिले. मी काय पायजम्यात जाऊ?"

मी शिवण शिकले होते आणि हुशारी दाखवायची खाज मला होतीच. दोन्ही मोहऱ्या आतल्या बाजूला चिमटून मी धावदोरा घालून दिला. एका टोकाला गाठ मारलीच नाही; दुसऱ्या टोकाचा दोरा दोन बोटं बाहेर लोंबता ठेवला. शिफ्ट सुटली की तो ओढायचा, सर्रकन टाका निघतो आणि पँट पुन्हा रुंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत टाका घालायचा. रिळाचा दोरा तुटायचा, म्हणून भाऊ कारखान्यातलंच सूत आणून देई. चांगलं पिळाचं, हाताने तुटत नसे.

बाबांनी दारात वीत लावली. मावली. "आता शहाणा झाला," ते म्हणाले. संध्याकाळी भावाने त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवली आणि आम्ही पोट धरून हसलो. बाबांना फसवणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

रोज सकाळी सुई ओवताना मात्र माझा हात जरा थांबायचा. ते लोंबतं टोक मला आवडत नव्हतं. एकदा मी ते आत खोचून दिलं तर तो चिडला. "सगळ्यांसमोर पँट उलटी करून दोरा शोधू का आता?" मी टोक पुन्हा बाहेर काढलं.

त्या दिवशी मी गहू निवडत होते आणि मागांची खडखड थांबली. लाइट गेली असेल म्हणून मी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

शाफ्टजवळ वाकून भाऊ खाली पडलेली सुताची कांडी उचलायला गेला होता. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्याची जीन्स दवाखान्यातून गाठोडं होऊन घरी आली. मोरीत बसून मी ती उलगडली. उजव्या पायाचा टाका जसाच्या तसा होता. डाव्या पायाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि सुईच्या भोकांत दोरा नव्हता. कसं झालं असेल ते मला तिथेच कळलं. लोंबतं टोक शाफ्टवर गुंडाळलं गेलं, टाका निघत गेला, मोहरी उघडली आणि पट्ट्यात गेली. सूत कच्चं असतं तर नुसतं तुटलं असतं. मी उजवा टाकाही ओढून काढला आणि तो दोरा पाण्याच्या बंबात जाळला.

बाबांना वाटलं, त्या सकाळी आपलीच वीत चुकली. "मावली होती ना? मी मोजली होती," असं ते येईल त्याला विचारत. कारखान्यात ते पुन्हा गेले नाहीत. जेवता जेवता मध्येच हात पसरून ताटाच्या कडेला वीत लावून बघत. भाऊ आणि मी मान खाली घालून जेवत राहायचो. अकरा वर्षं बाबा असे जगले. एका वाक्यात त्यांची सुटका झाली असती. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

जीन्स बदलत राहिली आणि प्रत्येक बदल मी भावाच्या नकली पायावरून मोजला. कंबर खाली घसरली. मग पायच इतके अरुंद झाले की नकली पाय आत जाईना. मी आतली शिलाई उसवून चेन बसवून दिली. गुडघ्यावर फाटकी जीन्स विकायला लागली तेव्हा तो म्हणाला, "आपण तर किती आधीच फाडून बसलो, ताई." तो हसला. मला हसू आलं नाही. पण अरुंद मोहरीची ती वर्षं माझी त्यातल्या त्यात बरी गेली.

परवा त्याची मुलगी नवी जीन्स घेऊन माझ्याकडे आली. पॉलिटेक्निकला जाते. जीन्स उघडली तर तीच, जमीन झाडणारी.

"आत्या, वर्कशॉपमध्ये सर ढिली पँट चालू देत नाही. लेथ मशीन असते ना. तू ते कच्चावालं मार ना, एका झटक्यात निघतं ते. तू पप्पांना रोज मारून द्यायची, पप्पांनीच सांगितलं."

भाऊ समोर खाटेवर पेपर वाचत होता. त्याने तिला गंमत म्हणून अर्धीच गोष्ट सांगितली होती.

उरलेली मी सांगितली. लोंबतं टोक, रिकामी भोकं, बंब, सगळं. इतक्या वर्षांत त्याच्यासमोरही मी ते कधी उच्चारलं नव्हतं. ऐकता ऐकता पोरगी खाली बसली. भावाने पेपरची घडी केली. तो मला थांबवेल असं वाटलं, पण त्याने थांबवलं नाही.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "दोरा मीच तर बाहेर ठेवाले लावला होता. हे बाबांले सांगायचं होतं, ताई. मी वाट पाहत होतो, तू सांगशील म्हणून."

आणि मी वाट पाहत होते, तो सांगेल म्हणून. बाबा गेले त्या दिवसापर्यंत.