साळुबा गायके रोज काय करतो

माझं पहिलं फील्ड पोस्टिंग अरुणाचलात होतं. नदीकाठी पत्र्याच्या बराकी आणि त्यातल्याच दोन बराकींत आमचं हॉस्पिटल. मी नर्सिंग ऑफिसर, हुद्दा लेफ्टनंट, शहागंजमागच्या गल्लीतून थेट तिथं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि माझं नाक कायम वर होतं. खांद्यावरचे स्टार झाकले जाऊ नयेत म्हणून बाईसाहेब थंडीत कोट घालत नसत. खोकत असत, पण ऐटीत.

इंग्रजीच्या नावानं मात्र बोंब होती. साधा वर्तमानकाळ मला शाळेपासून सुरात पाठ. कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर क्रियापदाला एस किंवा ईएस. नियम झोपेतही म्हणून दाखवला असता. बोलायची वेळ आली की एस कुठं पळून जायचा, कोण जाणे.

रोज सकाळी मेट्रन, मेजर कुरियन, वॉर्डचा रिपोर्ट घ्यायच्या. मी लांबण लावली की त्या पेन्सिल टेबलावर आपटत.

"नो स्टोरी, लेफ्टनंट. व्हॉट डज द पेशंट डू?"

"पेशंट ईट, मॅडम. पेशंट स्लीप."

"ईट्स! स्लीप्स!"

आमच्या अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता लान्स नायक साळुबा गायके. देवगाव रंगारीचा. त्यालाही इंग्रजीनंच अडवलं होतं. इंग्रजीची परीक्षा पास झाल्याशिवाय बढती नव्हती. युनिटच्या शाळेतल्या हवालदारानं त्याला सांगितलं होतं, आपला रोजचा दिवस लिही आणि पाठ कर. त्यानं तो कागद स्टीअरिंगसमोर चिकटवला होता.

पहिले काही महिने मी गायकेशी मराठीत बोललेच नाही. ऑफिसर ना! एकदा उकळतं पाणी पायावर सांडलं आणि मी "आयं गं, मेले" म्हणून ओरडले. दारातून आवाज आला, "मॅडम आपल्याकडच्याच हायेत की!"

त्यानंतर तो वाचायचा आणि मी सुधारायची. त्याच्या चुका काढून तिथं माझ्या बसवायची, असं म्हणणं जास्त खरं.

"ही गेट अप अॅट फाइव्ह. ही चेक द ऑइल. ही वॉश द व्हेइकल. ही पुट द स्टोन बिहाइंड द व्हील. ही लॉक द व्हेइकल."

"अरे, स्वतःबद्दल 'ही' कशाला? 'आय' म्हण."

"आय म्हणलं की लाज वाटती, मॅडम. दुसराच कुणी गायके हाय, असं समजून सांगतो."

ऑगस्टमध्ये एका सकाळी सिपाही पाओला आमच्याकडे आणलं. मणिपूरचा पोरगा. रस्त्याच्या कामावर असताना डोक्यात दगड पडला होता. हिंदी जेमतेम, पण शाळा इंग्रजी. त्याला खालच्या मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं होतं. मी, गायके आणि स्ट्रेचरवर पाओ असे निघालो. पाऊस आदल्या दिवसापासून चालूच होता.

अर्ध्या वाटेवर समोर स्लाइड. रस्ताच नाही. गायकेनं गाडी रिव्हर्स घेतली. वळणाशी पोचतोय तोवर मागचा डोंगरही खाली आला. आता पुढं दरड, मागं दरड. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला नदी. आमच्या वाट्याला उरला होता गाडी फिरवायलाही न पुरणारा रस्त्याचा तुकडा. मी वायरलेस सेट उचलला. टायगर म्हणजे सेटवर आमच्या हॉस्पिटलचं नाव.

"अॅम्ब्युलन्स फॉर टायगर. दोन्ही बाजूंनी रोड ब्लॉक. ओव्हर."

"टायगर. गाडीतच थांबा. रेस्क्यू पार्टी निघते आहे. पेशंटला झोपू देऊ नका, बोलतं ठेवा. रिपोर्ट देत राहा. ओव्हर."

दार उघडलं की वरून खडे येत. बंद ठेवलं की काचा धुरकटत आणि डिझेलचा वास छातीत बसे. टपावर दगड वाजला की मी पाओच्या डोक्यावर ओणवी व्हायची. पुढचा मोठा असेल का, एवढंच डोक्यात. पाओचे डोळे मिटत होते. मी त्याला गाव विचारलं, आईचं नाव विचारलं, शाळा विचारली. तेवढ्यात माझं इंग्रजी संपलं.

गायके पुढच्या सीटवरून म्हणाला, "मॅडम, मपला दिवस सांगा त्याला, कागदावरचा."

"ही चेक द ऑइल," मी सुरुवात केली.

स्ट्रेचरवरून बारीक आवाज आला. "चेक्स."

"ही वॉश द व्हेइकल."

"वॉशेस, मॅडम."

गायके हसायला लागला. "डोकं फुटलंय, पण एस शाबूत हाय गड्याचा!"

मी सेटवर कळवलं, "पेशंट करेक्ट मी. ओव्हर."

आमच्या डॉक्टरांचा आवाज आला, "करेक्ट्स. कॅरी ऑन. आउट."

तो गायकेचा दिवस त्या गाडीत किती वेळा उगवला आणि मावळला, त्याचा हिशोब नाही. मी चुकायची, पाओ दुरुस्त करायचा आणि गायके दाद द्यायचा. माझ्या चुका आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होत्या.

दुपार उतरली. "ही लॉक द व्हेइकल," मी म्हटलं. उत्तर नाही. परत म्हटलं, मोठ्यानं. नाही. टॉर्च मारून पाहिलं तर एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, म्हणजे डोक्यात रक्त साचत होतं.

"टायगर, पेशंट डज नॉट आन्सर. राइट प्युपिल बिग. ओव्हर."

"टायगर. पार्टी पुढच्या स्लाइडवर पोचली आहे. दोर टाकतायत. आत्ताच बाहेर काढा. आउट."

चार जवान दोर धरून आले. स्ट्रेचरच्या दरीकडच्या बाजूला गायके आपणहून लागला. पायाखालची माती सरकत होती. आम्ही पलीकडे पोचलो. पाओला दुसऱ्या गाडीत चढवलं. मी वळून बघते तर गायके परत दोराला हात घालत होता.

"कुठं निघालास?"

"लॉक राह्यलं, मॅडम. सेट बी आत हाय. चाकाला दगड लावला नाय."

"गायके, थांब! ऑर्डर आहे!"

"आलोच."

तो गेला. मागच्या चाकाला त्यानं दगड लावला, ते मी पाहिलं. सेट काढून खांद्याला अडकवला, तेही पाहिलं. दार लावून किल्ली फिरवली. मग वरचा कडा सुटला. धूळ नव्हती, सगळं ओलंच. रस्त्याचा तुकडा, गाडी आणि गायके एकदमच नदीत गेले.

पाओचं ऑपरेशन झालं. तो वाचला. गायके दोन दिवसांनी खालच्या वळणावर सापडला. किल्ली खिशात होती आणि खिशाचं बटण लावलेलं होतं.

आता मी सिडकोत राहते. सुटीच्या दिवशीही संध्याकाळी माझी नात आणि गल्लीतली पोरं इंग्रजीला येऊन बसतात. साधा वर्तमानकाळ मी फळ्यावर एकाच माणसाचा, साळुबाचा, शिकवते. ही गेट्स अप अॅट फाइव्ह. ही चेक्स द ऑइल. हा साळुबा कोण, हे पोरांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

परवा शेजारचा इरफान वैतागला. "आज्जी, ये साळुबा रोज गाडीच धुतो. इसको दूसरा काम नहीं क्या?"

"ड्रायव्हर आहे तो, बाबा."

"आज तर संडे है. संडेला काय करतो?"

मी खडू घेऊन उभी राहिले. त्या कागदावर रविवार नव्हता. तिथं ड्रायव्हरला रविवार नसायचाच.

माझी नात पाटीवर रेघोट्या ओढत होती. मान वर न करता म्हणाली, "रविवारी तरी झोपू दे ना गं त्याला, आजी."

मी फळ्यावर लिहिलं. ऑन संडे ही स्लीप्स. एस लावलाय का, ते पाहिलं. आणि पोरांना ते हळू आवाजात वाचायला सांगितलं.