गेटमामांचे इंडिया गेट

बसथांबा गावाच्या मागच्या अंगाला आहे. गेटमामांचे घर तिथून अगदी जवळ. तरी ते सगळ्या गावाला वळसा घालून पुढे जात आणि इंडिया गेटमधूनच आत येत. गुडघे गेल्यावरही हा नेम मोडला नाही. कोणी विचारले, "मामा, काहून एवढा फेरा?" तर म्हणत, "घरी दारातून जाते ना तू? मंग गावात काहून नाई?"

गेट त्यांनीच बांधलेले. जुने गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेले आणि आम्हाला या माळावर प्लॉट मिळाले. सारख्या गल्ल्या, झाड एकही नाही. मामा गवंडी. म्हणाले, "वेस नाई त गाव कसं दिसन?" खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवर दिल्लीचे इंडिया गेट होते, ते पाहून त्यांनी वेशीवर तसेच उभे केले. उंची अठरा फूट, कमान सात फूट रुंद. मी टेपने मोजली आहे. चित्रात पुढचीच बाजू होती, म्हणून गावाकडची बाजू साध्या गिलाव्याची राहिली. "मांगून कोन पाह्यते?" असे त्यांचे म्हणणे. तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, ट्रॉली कमानीत अडकायची, ती बाजूने जाऊ लागली. मामांनी मनावर घेतले नाही. "तनसासाठी नाई बांधलं. येनाऱ्या मानसासाठी बांधलं."

मग नव्या गावात पहिले मरण झाले. स्मशानात नेताना वाटेत विसाव्यासाठी तिरडी टेकवावी लागते. जुन्या गावी त्यासाठी आंबा होता. इथे खांदेकऱ्यांनी सावली पाहून गेटखाली टेकवली. मामा धावत आले. "इथं नोका ठेवू रे."

एक म्हातारा म्हणाला, "मंग दुसरी सावली दाखव, गवंडी."

मामा बाजूला झाले.

पुढे तोच विसावा ठरला. बायाबापड्या तिथून यायला भिऊ लागल्या. नव्या नवऱ्या ट्रॉलीच्या वाटेने गावात येऊ लागल्या. मामांचा फेरा तेव्हापासूनचा. माझ्या ओट्यावर बसले की म्हणायचे, "एक नवरी इथून आली का साऱ्या येतीन."

मामी गेल्या तेव्हा त्यांनाही तिथेच टेकवले. मामा गावाच्या बाजूला उभे राहून वर पाहत होते. संध्याकाळी एवढेच बोलले, "जाताना तिले कोरी भित दिसली." पुढच्या आठवड्यात थापी घेऊन मागच्या बाजूला लागले. त्या वयात परांचीवर त्यांना कोणी चढू देईना. हात पुरला तिथवर रेघा कोरल्या, वरचे तसेच राहिले.

गेल्या धान कापणीत मामा गेले. विसावा तिथेच झाला.

यंदा उन्हाळ्यात माझ्या मुलाचे लग्न झाले. नवरीची गाडी पावणेसहा फूट रुंद, कमानीतून सहज जाते. गाडी गेटमधूनच आणायची, हे बायकोला आधीच सांगितले होते. ती म्हणाली, "तुमाले काई समजते का? विसाव्यातून लक्ष्मी आनता?" मी मामांचे बोलणे तिला सांगितले.

वेशीवर ड्रायव्हरने विचारले, "काका, बाजूनं घेऊ?" मी उत्तर देण्याआधी सुनेशेजारी बसलेली बायको खाली उतरली. सुनेचा हात धरून पायीच कमानीकडे चालू लागली. सून मान वर करून पाहत होती. ती पुढून येत होती, आणि पुढून गेट पूर्ण आहे.