चिंधी गुंडाळलेली कात्री

आंजीच्या बाजारगल्लीतल्या शिंप्याच्या पायांत लहानपणापासून बळ नाही. मशीनच्या मोटरचं बटण तो कोपराने दाबतो. कात्री, रीळ, खडू, काहीही खाली पडलं की वर न बघता टाळूला जीभ लावून ‘टक्’ करतो. खुर्चीखालचा तांबडा गावठी कुत्रा उठतो आणि पडलेली वस्तू तोंडात धरून त्याच्या मांडीवर ठेवतो. कुत्र्याला नीट धरता यावी म्हणून कात्रीच्या मुठीला चिंधी गुंडाळली आहे.

गिऱ्हाइकाने काही उचललेलं मात्र शिंप्याला खपत नाही. एकदा मी पटकन वाकून कात्री उचलून दिली, तर मशीन थांबवून म्हणाला, “ठेवा जी सर, होती तिथंच. तुमीच उचलून राह्यले तर त्यानं काय करावं?”

मी शाळामास्तर. मला असं कोणी सुनावत नाही. तरी कात्री मुकाट्याने खाली ठेवली.

परवा पँटची उंची कमी करून घ्यायला गेलो. कुत्रा आता म्हातारा झाला आहे, त्याचे दात पडलेत. कात्री दोरीने टेबलाला बांधलेली होती, रिळं खिळ्यांना अडकवलेली, खडू खिशात. खाली पडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

“बरी सोय केली,” मी म्हणालो.

“हो जी.”

थोड्या वेळाने त्याने हातातली मऊ चिंधी हळूच खाली सोडली आणि ‘टक्’ केलं. कुत्र्याला उठायला फार वेळ लागला. तोवर मशीन बंद होतं. चिंधी माझ्या पायाशीच पडली होती. मी वाकलो नाही.