घाणेरीची सरळ रांग

निलगिरीच्या त्या लागवडीत त्याला सगळे वस्तरा म्हणत. दोन रांगांमधला पट्टा तो असा साफ करी, की या टोकाला उभ्या राहिलेल्या साहेबाला त्या टोकाला ठेवलेली पाण्याची बाटली दिसावी. झाड तेवढं ठेवायचं, बाकी सगळा कचरा. कचऱ्यालाही वेगवेगळी नावं असतात हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. एक घाणेरी, ते उग्र वासाचं झुडूप, तेवढी तो ओळखायचा, कारण ती पिच्छा सोडत नसे. तो छाटायचा, ती दुपटीने फुटायची. एका घरात अबोला धरून राहणाऱ्या दोन भावांसारखी त्यांची हयात गेली होती.

निलगिरीखाली एक कोरडी शांतता असते. सालं सोलून पडतात, पानांचा थर साचतो, आणि त्यावरून चालताना आपलीच पावलं दुसऱ्या कुणाची तरी वाटतात. पाखरं तिथे थांबत नाहीत. थांबून खाणार काय? वस्तऱ्याला याचं कधी वाईट वाटलं नाही. रांगा सरळ होत्या, एवढं त्याला पुरे होतं.

मग गुडघ्यांनी दगा दिला. उतारावर उभं राहून कोयता चालवणं जमेना.

"आता घरी बसा," बायको म्हणाली.

"घरी बसून काय करू?"

"माझ्यासमोर बसा. इतकी वर्षं संसार केला, तुमचं तोंड एकदा नीट बघून तरी घेते."

तो हसला नाही. घरी बसलेली माणसं त्याने पाहिली होती. दारातल्या खुर्चीवर बसून ती रस्त्याकडे बघतात, आणि हळूहळू रस्ता त्यांच्याकडे बघेनासा होतो.

त्याच सुमारास लाकूड विकत घेणाऱ्यांनी नवी अट घातली. ओढ्याच्या काठाला निलगिरी नको, तिथे मूळचं रान परत यायला हवं. काठावरची निलगिरी आधीच तोडून झाली होती, पण त्या मोकळ्या पट्टीत घाणेरी माजली होती. साहेबांचा बेत सोपा होता. पट्टीवर औषध फवारायचं आणि ठेकेदाराकडून रोपं आणून लावायची. नवी सुपरवायझर बाई, वयाने वस्तऱ्याच्या मुलीएवढी, मात्र अडून बसली.

"एक पावसाळा हाताने काढून बघू, साहेब. फवाऱ्याने घाणेरीसोबत बाकीचंही जळेल. मला हे काका द्या."

साहेबांनी वस्तऱ्याच्या गुडघ्यांकडे बघितलं. "ठीक. पण पावसाळ्यानंतर तिथे घाणेरी दिसली, तर फवारा. आणि काकांनाही मग निरोप."

बाईने काम समजावलं. वरून छाटायची नाही. जमिनीखाली मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उपटून उलटं टांगायचं, म्हणजे मुळांना माती लागणार नाही आणि ते परत धरणार नाही. "पण आधी फळं तोडून पोत्यात भरा, काका. ती जाळायची."

टांगण्याची गोष्ट वस्तऱ्याला भलतीच आवडली. दुसरा कुणी असता तर त्याने जी फांदी दिसेल तिच्यावर झुडपं फेकली असती. याने खांब रोवले, दोरी धरून ओळ जुळवली, तार ताणली आणि वाळत घातलेल्या कपड्यांसारखी झुडपं एका उंचीवर टांगली. तो बसत उठत, कण्हत, पण मन लावून काम करत होता. फळं तोडण्यात मात्र त्याचा जीव रमेना. मुळं आकाशाकडे केलेलं झुडूप ते मेलेलंच, त्याच्या फळांची कसली भीती? काळी पिकलेली फळं तशीच लोंबत राहिली. बाई तेव्हा वरच्या प्लॉटवर अडकलेली होती.

आणि पाखरं आली. आधी एक, मग थवेच्या थवे. तारेवर बसायची, फळं टिपायची, कलकलाट करायची. वस्तरा भाकरी हातात धरून बघत राहायचा. या लागवडीत एवढा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. आपण काहीतरी चांगलं केलं, असं त्याला वाटू लागलं.

पावसाळा सरत आला, उघडीप पडली आणि तारेखाली हिरवी रेघ उमटली. खांबापासून खांबापर्यंत, दोरी लावून आखल्यासारखी, घाणेरीची पिल्लं.

टोळीतला लांब्या ती बघायला मुद्दाम आला. "वस्तरा, मानलं तुला. घाणेरीलासुद्धा रांगेत उभं केलंस. साहेबांना सांगायला नको कुणाचं काम ते."

बाई आली, तारेकडे बघितलं, खाली बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"फळं काढली नव्हती?"

"नाही."

"साहेब या आठवड्यात येतायत." ती जायला वळली. "बघा काय होतं ते."

दुसऱ्या दिवशी तो खुरपं घेऊन गेला. एका दमात सगळं खरडून काढायचं, जमीन तळहातासारखी करून टाकायची, एवढंच डोक्यात होतं. पण वाकता येईना, म्हणून तो चक्क मातीत बसला. उभ्याने जे हिरवं एकसारखं दिसत होतं, ते बसल्यावर एकसारखं राहिलं नाही. एक पान खरखरीत, एक गुळगुळीत. एक देठाशी लालसर. काही रोपं जोडीजोडीने पानं उघडणारी, काही एकेकटी. पाखरांनी घाणेरी खाल्ली होती, तसं डोंगरापलीकडच्या रानातलंही बरंच काही खाल्लं होतं, आणि त्या सगळ्याच्या बिया या तारेवर बसूनच शिटल्या होत्या.

खुरपं हातात तसंच राहिलं. यातली घाणेरी कुठली? इतकी लहान असताना त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. त्याने एक पान चिमटीत चुरडून हुंगलं. तोच उग्र वास. ते रोप उपटलं. शेजारचं चुरडलं, वास नाही. ते राहू दिलं. असा तो सरकत राहिला, नाक खाली घालून.

दुपारी बायको आली. त्याला घरी न्यायलाच आली होती, तसं तिने वाटेत लांब्याला सांगितलंही होतं.

"हे काय चाललंय? पानं हुंगताय?"

"वास आला की उपट. नाही आला तर हात लावू नकोस."

"मी कशाला हात लावतेय," म्हणत ती टेकली. थोड्या वेळाने तिचीही बोटं चालू लागली. एका रोपाशी ती थबकली. "अहो, हे उंबर दिसतंय. आमच्या घराच्या भिंतीत उगवायचं. बाबा उपटून थकायचे." पलीकडचं जांभूळ असावं, असं तिला वाटलं. बाकीची दोघांनाही ठाऊक नव्हती. संध्याकाळी बाई येऊन तिसऱ्या बाजूला बसली. तिलाही निम्मी ओळखता आली नाहीत. तिघं पानं चुरडत राहिली. नंतरचे दिवसही असेच गेले. बायकोने घरी चलण्याचा विषय काढला नाही.

साहेब आले तेव्हा मागून फवारणीचा पंप घेतलेली गाडी आली होती. पट्टी दिसायला वाईटच दिसत होती. कुठे उघडी माती, कुठे गवताचा पुंजका, मध्येच वीतभर रोपं, कशाचा कशाला मेळ नाही. वस्तऱ्याची मान खाली गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने साहेबांना अस्ताव्यस्त काम दाखवलं होतं.

"हे तुमचं काम, काका?"

तो उठायला लागला. गुडघा अडला.

"बसा, बसूनच सांगा."

"चूक झाली होती साहेब. फळं ठेवली मी. घाणेरी उगवली." त्याने उपटलेल्या रोपांचा वाळका ढीग दाखवला. "ती काढली. अजून येईल. आली की काढायची. फवारलं तर हे बाकीचं पण जाईल."

"हे बाकीचं म्हणजे काय?" साहेबांनी बुटाच्या टोकाने एक रोप दाखवलं. "हे कसलं झाड?"

वस्तऱ्याने बायकोकडे बघितलं, बाईकडे बघितलं. "माहीत नाही साहेब. वाढलं की कळेल."

बाई हसू दाबत ओढ्याकडे वळली. साहेबांनी रोपावरून पाय मागे घेतला आणि मग जपून, पाऊल कुठे पडतंय ते बघत, पट्टीच्या टोकापर्यंत चालत गेले. वस्तरा त्यांच्या बुटांकडे बघत होता. टोकाला पोचल्यावर त्यांनी गाडीवाल्याला हात केला.

"पंप वरच्या प्लॉटवर ने." मग बाईकडे वळून म्हणाले, "याला रोज माणूस लागेल. बसून काम करणारा."

"आहे ना," बायको म्हणाली, "आणि मलाही घरी बसून कंटाळा येतो."

वस्तरा पुढे सरकला. समोर एक खरखरीत पान होतं. त्याने ते चुरडून नाकाशी नेलं.